कागदाचं कपाळ

नाव माझं बबन. गाव भोसरी, घर शेतकऱ्याचं आनि धंदा टर्नरचा, म्हंजे लेथवर लोखंडाचा तुकडा फिरवायचा आनि पायजे त्या मापाचा कातायचा. तुमी म्हनला सुरवातीपासनं सांगा, तर आमच्या घरात सगळ्याची सुरवात कागदापासनंच हाय बगा. मी शाळंत जात हुतो, चीनच्या लढाईचं साल आसंल, दिघीकडनं लष्कराच्या गाड्या धुरळा उडवत जायच्या आनि आमी पोरं बांधावर हुबी राहून त्यांला हात करायचो, आनि त्याच बांधावर पुढं दोन-तीन सालात साखळ्या घिऊन मोजनीवाले आले. मंग कागद आला. आबांला, म्हंजे माझ्या वडलांला, वाचता येत न्हवतं, तलाठ्यानं वाचून दावला, कारखान्यांसाठी जमीन घेनार म्हनला, आबांनी अंगठा दिला आनि घरी येऊन जेवले आनि झोपले, आनि सकाळी सवयीनं औत घिऊन निगाले तर आईनं दारात आडवलं, म्हनली आवं कुठं निगालात, गेलं न्हवं ते कागदात.

तवापासनं आईनं मनाशी खूनगाठ बांधली, घरात कागद आला म्हंजे घरातलं काहीतरी भाईर जानार. पोस्टमन आळीत दिसला तरी ती चुलीपुढनं उठायची न्हाई. लग्नाची पत्रिका आली तरी आधी इचारायची, ह्यात काय जातंय. आमी हसायचो, पन काय सांगू तुमाला, तिचं चुकत हुतं आसं आज मला छातीठोक म्हनता येत न्हाई.

पुढं जमीन गेलेल्यांच्या पोरांनी आयटीआय केलं तर कारखान्यात लागतील आसं बोललं जाऊ लागलं, म्हनून मी गेलो, सायकल मारत, ऊन न्हाई पाऊस न्हाई, आनि टर्नरचं सर्टिफिकेट घिऊन आलो. जाड पिवळसर कागद, वर काय काय इंग्रजीत छापलेलं आनि खाली निळा गोल शिक्का, त्येच्यावरच सायबाची सही. आईनं लांबनंच इचारलं, ह्यात काय जानार. मी म्हनलं आये, ह्यात जानार न्हाई, ह्यातनं येनार हाय, नोकरी येनार. आनि खरंच आली, आमच्याच शिवाराच्या पलीकडं कंपनी हुती तितं लागलो, पुढं परमनंट झालो. मंग आईनं त्यो कागद पयल्यांदा हातात घेतला, हिकडनं तिकडनं फिरवला, उलटा धरला, सुलटा धरला, म्हनली बबन, ह्याचं तोंड कुठल्या अंगाला रं. मी म्हनलं तोंडबिंड न्हाई, पन ह्यो खालचा गोल शिक्का हाय न्हवं, त्यो हाय म्हनून ह्याला किंमत, त्यो नसंल तर चुलीत घालायचा कागद. आई म्हनली, मंग ह्ये ह्याचं कपाळ.

आता खंडेनवमी तुमच्याकडंबी करत आसतील. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, ज्या हत्यारानं पोट भरतं त्येची पूजा. आमच्याकडं पाटावर नांगराचा फाळ, कुऱ्हाड, खुरपी मांडायचे, जमीन गेली तरी आईनं फाळ काय पाटावरनं उठवला न्हाई, आनि त्येच्या शेजारी माझा व्हर्नियर येऊन बसला, मायक्रोमीटर बसला, मापं घ्यायची हत्यारं ती, आनि सगळ्यांच्या मधोमध, झेंडूच्या फुलात, माझं सर्टिफिकेट. कंपनीत आमी मशिनीला हार घालायचो, नारळ फोडायचो, आनि घरी आई कागदाला पुजायची. बोट पान्यात बुडवायचं, आधी हळद, मंग कुंकू, आनि नेमकं शिक्क्यावर, कपाळावर. नेम चुकला न्हाई कधी तिचा. दरसाल सुकलेल्या कुंकवावर नवं वलं कुंकू. निळ्या शाईत लाल मिसळून तितं वांग्याच्या रंगाचा येक गोळा झाला हुता, आनि खरं सांगतो, मला त्यो बघून बरंच वाटायचं, कागद आपल्या घरातला झाल्यागत. त्या गोळ्यात काय बुडतंय हे कुनाच्या ध्यानात आलं न्हाई, आनि यावं तरी कशाला, कागद दावायचा कुनाला हुता.

मंग दत्तू आला मस्कतवरनं. दत्तू म्हंजे माझ्याबरोबर आयटीआयला हुता, वेल्डर. मनगटावर घड्याळ, खांद्याला टेपरेकॉर्डर, आनि आंगाला असा वास की आळीतली कुत्रीसुदिक भुकायची इसरली. म्हनला बबन, राव, हितं वरसाला मिळतं ते तितं दोन म्हैन्यात मिळतं, टर्नर पायजेत, मुंबईचा एजंट माझ्या वळकीचा हाय, फक्त कागद पक्के लागतात. मी म्हनलं माझा कागद पक्काच हाय, सरकारी हाय. दत्तू म्हनला तसं न्हवं, कागद खरा हाय ह्याचा शिक्का लागतो, मुंबईच्या हापिसाचा. मंग मुंबईचा शिक्का खरा हाय ह्याचा शिक्का दिल्लीत, आनि दिल्लीचा खरा हाय ह्याचा शिक्का मस्कतवाल्यांच्या वकिलातीत. मी म्हनलं, आनि वकिलातीचा खरा हाय हे कोन सांगनार. दत्तू म्हनला, हितं डोकं चालवायचं न्हाई भावा, हितं खिसा चालवायचा.

तुमी म्हनाल परमनंट नोकरी सोडून ह्याला अवदसा कशाला आठवली. तर घरात मी, सिंधू म्हंजे आमची मंडळी, दोन पोरी, आई-आबा, आनि शेत न्हाई. शेत आसतं तर मी दत्तूच्या टेपरेकॉर्डरकडं ढुंकून बघितलं नसतं.

पयला धक्का बसला कंपनीतच. एजंट म्हनला अनुभवाचा दाखला आना. मी गेलो, सायेब म्हनले दाखला मिळेल, पण नोकरी सोडल्यावर, कामावर असलेल्या माणसाला आम्ही देत नाही. मी म्हनलं सायेब, मी हितं काम करतोय एवढंच लिवून पायजे. ते म्हनले हो, तेच लिहून देणार, काम सोडलंत की. मला वाटलं माझंच काहीतरी ऐकायचं चुकतंय. म्हंजे मी काम करतोय हे शिद्ध करायला आधी काम सोडायचं. भाईर आलो, सायकलीचं कुलूप काढलं, परत लावलं, आत गेलो आनि राजीनामा दिला. घरी सांगितलं. आई म्हनली, बगा, आला न्हाई का कागद.

आता माझी अवस्था काय, की नोकरी सुटली, एजंटाला निम्मे पैशे भरले, आनि एजंटानं सांगून ठेवलेलं, म्हैनाअखेर शिक्के झाले तर जागा तुझी, न्हाईतर दुसऱ्याची. दोन्ही दोर कापलेले. मुंबईला गेलो, त्या हापिसाचं नाव घेत न्हाई, रांगंत हुबा ऱ्हायलो आनि खिडकीपुढं नंबर आला. आतला कारकून मराठीच, कपाळाला बारीक गंध लावलेला, सज्जन मानूस. त्यानं दाखला बघितला, सर्टिफिकेट बघितलं, आनि त्येचं बोट शिक्क्यापाशी येऊन थांबलं. म्हनला हे काय आहे, रक्त सांडलंय का. मी म्हनलं न्हाई सायेब, कुंकू हाय. त्यो म्हनला कागदाला कुंकू? मी म्हनलं खंडेनवमीला आई लावती. त्यो म्हनला अहो, आमच्या घरी पण दौत-टाक पुजतात, पण शिक्का कुठे गेला. त्यानं कागद उजेडाला धरला, पाठीमागनं बघितला, भिंग आनलं. म्हनला ह्याच्या खाली शिक्का आहे हे तुम्हाला ठाऊक आणि मला ठाऊक, पण मला ठाऊक असून चालत नाही, मला दिसायला पाहिजे. आनि कागद परत दिला. काय सांगू तुमाला, पायाखालची जमीन आमची येकदा गेलीच हुती, त्या दिवशी फरशीबी गेली.

भाईर झाडाखाली येक टायपिस्ट बसायचा, अर्ज-प्रतिज्ञापत्रं टाइप करनारा. त्यानं बघितलं, म्हनला घाबरू नका, वरचं कुंकू हलक्या हातानं काढू, खालनं शिक्का निघेल, मी पुष्कळ डाग काढलेत. मी व्हय म्हनलो. दुसरं काय म्हननार. त्यानं कापसाचा बोळा वला केला आनि आईचं कुंकू पुसाया लागला, आनि मला ते बघवंना, कारन कुंकू पुसताना मी तवर येकदाच बघितलं हुतं, आमची चुलती, चुलता गेला त्या दिवशी. मी मान फिरवली. टायपिस्ट म्हनला अरे देवा. बघितलं तर बोळा लाल झालता आनि निळाबी झालता. कुंकवाबरोबर शिक्काच निगून आला हुता. कागदावर ऱ्हायला येक फिकट चट्टा, भाजून बरं झालेल्या कातडीगत. टायपिस्टानं त्येचे पैशे घेतले न्हाईत, उलट चहा पाजला. आईची पाच-सात वरसांची पूजा त्या बोळ्यात आली, आनि माझी मस्कतबी.

घरी आलो, पिशवी खुंटीला लावली आनि म्हनलं दुसऱ्या येका कागदाची फी भरायला लागती. खरं फक्त सिंधूला सांगितलं, तिला म्हनलं आईला कळता कामा नये, तिच्या कुंकवानं हे झालं आसं कळलं तर ती हाय खाईल. माझ्यापुढं तवा तेवढंच येक, मस्कत गेली तर गेली, पन हे तिच्या कानावर जाऊ द्यायचं न्हाई. सिंधूनं गपचूप गळ्यातलं डोरलं काढून माझ्यापुढं धरलं. आई कुठनं बघत हुती देव जाने, आली आनि म्हनली ठेव गं ते गळ्यात, मी रतन इकते. रतन म्हंजे आईची म्हैस. आईचीच म्हनायची, आईशिवाय कुनाला धारंला बसू द्यायची न्हाई. जमीन गेल्यावर आईनं त्या म्हशीवर घर वडलं हुतं, चिंचवडाच्या बाजूला नवीन बिल्डिंगी झाल्या तितं रतीब घालायची. सकाळी चऱ्होलीचा मानूस येऊन घिऊन गेला. आई येशीपर्यंत गेली त्यांच्यासंगं, दावं हातात घिऊन परत आली. मी गोठ्यात तोंड लपवून बसलो. तिच्याच कुंकवाचा डाग निस्तरायला तिचीच म्हैस चालली आनि तिला त्येचा पत्ता न्हाई, आसं माझ्या मनात.

मंग आयटीआयच्या हापिसात गेलो, दुसरी प्रत काढायची म्हनून. तितं म्हनले दोन रस्ते आहेत, मूळ हरवलं म्हणून पोलिसांचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र द्या, नाहीतर खराब झालेलं मूळ आमच्याकडे जमा करा. हरवलं म्हनून लिवून देनं सोपं हुतं, पन जीभ रेटंना, पिशवीत कागद आनि मी शपथंवर सांगायचं हरवला. जमा केला. कारकुनानं माझ्या डोळ्यापुढं लाल शाईनं कागदावर दोन तिरप्या रेघा वडल्या, कोपऱ्यापासनं कोपऱ्यापर्यंत, त्या फिकट चट्ट्यावरनं, आनि फायलीत घातला. मी म्हनलं सायेब, रद्द झालाय तर मला परत द्या की, घरी ठेवतो. ते म्हनले रद्द झाला म्हणूनच देता येत नाही.

नवी प्रत आली, कोरी पांढरी, वर मोठ्या अक्षरात दुय्यम प्रत म्हनून मारलेलं. मंग मुंबईचा शिक्का, त्याच कारकुनानं मारला, म्हनला आता घरी पुजू नका हो हे, मी मान हलवली. मंग एजंटाच्या मानसानं दिल्लीला नेला. मी जल्मात दिल्ली बघितली न्हाई, माझा कागद बघून आला. मंग वकिलात म्हनली अरबी भाषेत करून आना, मंग त्या भाषांतराला येगळा शिक्का. दर शिक्क्याला फी, दर फीला हेलपाटा, आनि हेलपाटा फीपेक्षा म्हाग. रतनचे पैशे संपले, पीएफचे संपले. चार आन्याची कोंबडी आनि बारा आन्याचा मसाला म्हनतात तसं, नोकरी हातात यायच्या आधीच तिची कमाई खाऊन झाली हुती. म्हैना उलटला तरी एजंटानं जागा धरून ठेवली, ती दत्तूनं गळ घातली म्हनून.

आनि सगळ्यात मोठा धक्का आयकायचा आसंल तर आता आयका. मस्कतला उतरलो, वर्कशॉपात गेलो, छातीशी फाईल धरलेली, लेकराला धरतात तशी. तितला सुपरवायझर म्हनला, सामान उधर रखो, मशीन ये है. मी म्हनलं साब, सर्टिफिकेट. त्यो म्हनला बाद में. त्ये बाद में दोन वरसं झाली, करार संपला, मी परत आलो, पन त्यो कागद कुनी उघडला न्हाई. विमानतळावर न्हाई, वर्कशॉपात न्हाई, पगार देनाऱ्यानं न्हाई. जमीन कागदात गेली हे मला कळतं, पन हे मला आजबी कळत न्हाई. मी तितं खाटंवर बसून येकटाच फाईल उघडायचो, शिक्के बघायचो आनि मिटायचो. मंग रतनची याद यायची.

परत आलो ते नवरात्र बसायच्या सुमाराला. खंडेनवमीला आईनं पाट मांडला, फाळ, कुऱ्हाड, खुरपी, माझा व्हर्नियर, झेंडूची फुलं. मी कागद ट्रंकेतनं काढलाच न्हाई. आई म्हनली कागद आन. मी म्हनलं ऱ्हाऊ दे आये, सायबानं नको सांगितलंय. ती म्हनली आन म्हनते न्हवं. आनला. पाटाच्या मधोमध तिनं जागा ठेवलीच हुती. तिनं बोट पान्यात बुडवलं, कुंकवात बुडवलं आनि कागदावर तसंच अधांतरी धरून ऱ्हायली. मंग तिनं डाव्या हातानं कागद उलटा केला, म्हनली म्होरं नगं लावायला, मागं लावते, मागं कोन बघतंय. तर मागं सगळे शिक्केच शिक्के, मुंबईचा, दिल्लीचा, वकिलातीचा, गोल, चौकोनी, तिकिटं चिकटवलेली, बोट टेकवायला जागा न्हाई. आई म्हनली, आगं बाई, एवढी कपाळं आनि येकालाबी कुंकू न्हाई. सिंधूला हसू आलं. मलाबी येनार हुतं, पन आई पुढं म्हनली, रतन ह्यांच्यात गेली व्हय.

मी म्हनलं तुला कुनी सांगितलं. सिंधूकडं बघितलं तर तिनं मान हलवली, तिनं न्हाई. आई म्हनली सांगायला कशाला पायजे, मुंबईवरनं आलास, पिशवी खुंटीला लावलीस, मी कागद देवापुढं ठेवायला काढला तर कुंकू पुसलेलं. पुसलेलं कुंकू बाईला कळत न्हाई व्हय रं. तवाच वळखलं, माझंच कुंकू आडवं आलं. मंग म्हैस माझीच जायला पायजे हुती, सिंधूचं डोरलं का म्हनून जावं.

दोन वरसं मी मस्कतमधी तिला कळू नये म्हनून पत्रात शब्द जपून लिवत हुतो, आनि तिला मी मस्कतला जायच्या आधीपासनं ठावं. माझ्यापासनं लपवत हुती ती, मी तिच्यापासनं न्हवं. मी खाली बसलो. आबा भिंतीला टेकून बसले हुते, ते हळूच म्हनले, कुंकू सुकलं बोटावरचं, लाव कुठंतरी. मंग आईनं बोट परत वलं केलं आनि फाळाला लावलं, कुऱ्हाडीला लावलं, व्हर्नियरला लावलं. कागदावर लांबनंच चार अक्षता टाकल्या, पावन्याला टाकाव्यात तशा.

आता म्हनाल हल्ली काय. कंपनीत परत घेत न्हाईत, परमनंट गेली ती गेलीच. मस्कतच्या पैशात येक जुना लेथ घेतला, भाड्याच्या शेडमधी टाकलाय, जॉबवर्क मिळतं, कधी दोन शिफ्टचं, कधी मशीन पुसून बसायचं. येकदम वाईट न्हाई आनि सुखात हाय म्हनवत न्हाई. आईला म्हनलं म्हैस घिऊ, तर म्हनते रतीब घालायला आता गुडघं चालत न्हाईत, गोठ्याची खोली काढ, भाडं येईल. काढली. बीडकडची दोन पोरं ऱ्हात्यात, कारखान्यात हायेत, त्यांलाबी दुबईचं खूळ हाय. मी त्यांला येवढंच म्हनतो, जावा बाबांनो, पन आधी घरी जाऊन आपला कागद बघून या, आईनं कुठं ठेवलाय ते.

तेवढं झालं बगा माझं. तुमी हे सगळं लिवून घेतलं, छापलं की आनून द्या म्हनतो, आई अजून हाय, तिला दावीन. येक करा पन. घरात कागद आला की आधी ती इचारनार ह्यात काय जातंय, मी सांगीन ह्यात आपली रतन हाय, मंग ती उठनार आनि बोट वलं करनार. तवा शेवटाला खाली जरा कोरी जागा सोडा. तितं काय लिवू नका.